माणसं मागे घेणाऱ्या अधिकाऱ्याची नोंद कुठे होते?

प्रति,
अग्निशमन दलांचे प्रमुख आणि बढती समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

बढतीसाठी तुमच्यासमोर येणाऱ्या फायलीत काय काय असतं, हे मला ठाऊक आहे. सेवेची वर्षं, खात्याच्या परीक्षेचे गुण, पूर्ण केलेली प्रशिक्षणं, कधी कारवाई झाली असेल तर तिचा शेरा आणि एखाद्याच्या वाट्याला आलंच तर शौर्यपदक. या सगळ्याला किंमत आहे. पण आत गेलेली माणसं परत येणार की नाही हे ज्या निर्णयावर ठरतं, तो निर्णय त्या फायलीत कुठेच नसतो. एखादा अधिकारी छताकडे बघतो, दारातून बाहेर पडणाऱ्या धुराचा रंग आणि जोर बघतो आणि ‘सगळे बाहेर’ असा हुकूम देतो. थोड्या वेळाने छप्पर खाली येतं, तेव्हा आत कोणी नसतं. अहवालात लिहिलं जातं, ‘इमारत पूर्ण जळाली, जीवितहानी नाही.’ पुढच्या ओळीत किती गाड्या आल्या आणि किती पाणी लागलं ते. ज्याने माणसं बाहेर काढली त्याच्या नावाची ओळ नाही. उलट दुसऱ्या दिवशी ‘जरा लवकरच मागे आलात’ हे ऐकावं लागतं.

मी निवृत्त केंद्र अधिकारी आहे. नोकरीची शेवटची वर्षं नव्या जवानांना शिकवण्यात गेली. जवानांची सुरक्षितता आणि बढतीचं धोरण हे विषय तुमच्या कार्यालयात दोन वेगळ्या टेबलांवर चालतात. आगीच्या ठिकाणी मात्र तो एकच विषय असतो. आज तुम्ही ज्याला वर चढवता, त्याच्या शब्दावर उद्या चार जण धुरात शिरतात. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

अमेरिकेतल्या वूस्टर शहरात ३ डिसेंबर १९९९ च्या संध्याकाळी एका बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. सहा मजली इमारत, वरच्या मजल्यांना खिडक्या जवळजवळ नाहीतच, भिंतींना आतून कॉर्क आणि फोमचे थर. आत बेघर माणसं राहतात असं कळलं म्हणून जवान शोध घ्यायला वर गेले. दोघांची धुरात वाट चुकली. सिलिंडरमधली हवा संपत आल्याचं त्यांनी रेडिओवर सांगितलं. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी आणखी चौघं त्याच धुरात हरवले. खाली तोपर्यंत जिवाभावाचे सोबती जमले होते, बीए सेट, म्हणजे हवेच्या सिलिंडरचं श्वसनयंत्र, पाठीला लावून आत शिरायला तयार. त्या वेळी डिस्ट्रिक्ट चीफ माइक मॅकनामी दारात आडवे उभे राहिले आणि आता कोणीही आत जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आतले सहाही जण गेले. ज्या दोन बेघर माणसांसाठी शोध सुरू झाला होता, ती आग लागल्यावर आधीच बाहेर पडली होती.

या घटनेतलं सगळ्यांत अवघड काम कोणी केलं, असं मी दर तुकडीला विचारत असे. उत्तरं यायला वेळ लागायचा आणि तसा तो लागायलाही हवा. आत जाण्याचं धैर्य आपण भरतीच्या पहिल्या दिवसापासून शिकवतो, त्याशिवाय हे काम होणारच नाही. पण आपलीच माणसं आत अडकलेली असताना दुसऱ्या आपल्याच माणसांना अडवायचं, ते रडत असताना, अंगावर येत असताना अडवायचं, हे कोणत्या परीक्षेत विचारलं जातं? त्याचे गुण कोण देतं? आणि मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्या उमेदवारात ते आहे की नाही, हे तुम्ही कशावरून ओळखता?

माझ्या मते त्या दारात हुकूम चालला, कारण तो देणाऱ्यावर माणसांचा आधीपासून विश्वास होता. खांद्यावरची पट्टी अशा वेळी पुरी पडत नाही. याची उलट बाजू अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅन गल्च या दरीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी दिसली. विमानातून उडी मारून वणवा विझवायला गेलेली टोळी, गवताळ चढ आणि खालून वर धावत येणारी आग. टोळीप्रमुख वॅग्नर डॉज यांना धावता धावता एक गोष्ट सुचली. त्यांनी समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या जळून गेलेल्या जागेत सगळ्यांनी आडवं पडावं म्हणून हाका मारल्या. तोवर असं कोणाला शिकवलेलं नव्हतं. माणसं थांबली नाहीत, त्यांच्या बाजूने पुढे पळत गेली. तेरा जण मेले. डॉज त्या राखेत पडून वाचले. आणखी दोघं कड्याच्या भेगेतून पलीकडे पोचले म्हणून जगले. डॉज यांचा निर्णय बरोबर होता, पण त्या हंगामात त्यांचा बराच वेळ तळावरच्या देखभालीच्या कामात गेला होता. टोळीबरोबर त्यांचा पुरेसा सराव झालेला नव्हता.

म्हणून माझी पहिली विनंती नेमणुकांबद्दल आहे. नवा अधिकारी केंद्रावर आला, जवानांची नावं पाठ होईपर्यंत त्याची बदली झाली, पुढे दोन-तीन वर्षं तो कार्यालयात बसला आणि मग थेट मोठ्या वर्दीवर, म्हणजे आगीच्या बोलावण्यावर, प्रमुख म्हणून उभा राहिला, असं किती ठिकाणी चालतं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. कार्यालयातलं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण तिथून परत येणाऱ्याला त्याच्या पाळीबरोबर सरावाचे सलग आठवडे द्या, आणि ते झाल्याशिवाय वर्दीवर पाठवू नका. कोण किती वेळात हवा संपवतो, कोण अंधारात बिचकतो पण बोलत नाही, कोण हुकुमाआधीच पुढे सरकतो, हे कागदावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट सेवाज्येष्ठतेची. अनुभवाला मी कमी लेखणार नाही, माझं सगळं शिक्षण जुन्या माणसांच्या हाताखाली झालं. पण आगच बदलली आहे. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षेच्या चाचण्या करणाऱ्या अमेरिकी संस्थेने सारख्याच मापाच्या दोन खोल्या पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान होतं, दुसरीत आजचं फोमचं आणि कृत्रिम धाग्यांचं. जुनी खोली पूर्ण भडकायला २९ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला. नवी चार मिनिटांच्या आत भडकली. म्हणजे पूर्वी गाडी पोचल्यावर हातात जो वेळ असायचा, तो आता बहुतेकदा गाडी रस्त्यात असतानाच संपलेला असतो. दार उघडलं की हवा आत जाते आणि गुदमरलेली आग पुन्हा उसळते. वीस वर्षांपूर्वीच्या आगींवर बसलेला अंदाज आजच्या खोलीत चुकू शकतो आणि अंदाज जितका पक्का तितका तो बदलणं अवघड.

१९८० च्या दशकात गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने आगीवर हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. हे लोक चार पर्याय मांडून त्यांची तुलना करत असतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते समोरचं दृश्य ओळखीच्या एखाद्या दृश्याशी जुळवून पाहायचे आणि पहिला सुचलेला योग्य वाटणारा मार्ग मनात चालवून बघून घ्यायचे. हे वाचलं तेव्हा मला पटलं, कारण माझ्या वरिष्ठांना मी असंच करताना पाहिलं होतं. पण याचा अर्थ असाही होतो की, ज्याच्या डोळ्यांखालून पुरेशी दृश्यं गेलेली नाहीत त्याच्याकडे जुळवायला काही नसतं. बऱ्याच दलांमध्ये आता मोठ्या आगी कमी आणि इतर वर्द्या जास्त असतात. सेवेची वर्षं वाढतात, आगी वाढत नाहीत. मग बढतीच्या कागदावर ‘पंधरा वर्षे सेवा’ लिहिलेलं असतं, त्यातून नेमकं काय कळतं? त्याऐवजी उमेदवाराने किती प्रकारच्या प्रसंगांत हुकूम चालवला, सरावात तरी किती वेळा, आणि त्यावर कोणी बसून चर्चा केली का, हे लिहा. जळत्या कंटेनरमधला सराव, चित्रफितींवरचा सराव, टेबलावर नकाशा पसरून केलेला सराव, सगळं मोजा. अधिकारी झाल्यावर प्रशिक्षण द्यायचं ही पद्धत उलटी करा. प्रभारी म्हणून एका रात्रीपुरता जरी कोणी उभा राहणार असेल, तरी त्याची तयारी आधी झालेली असली पाहिजे.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या आगीबद्दल तुम्ही सगळ्यांनी वाचलं असेल. १४ जून २०१७, मृत ७२. सुरुवातीला घटनास्थळी प्रमुखपद ज्यांच्याकडे होतं ते तुलनेने कनिष्ठ दर्जाचे अधिकारी होते. रहिवाशांनी घरातच थांबावं ही सूचना पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेतली गेली. चौकशीच्या पहिल्या अहवालाने म्हटलं की ती १ वाजून ३० ते ५० मिनिटांच्या दरम्यानच मागे घ्यायला हवी होती. मला त्या अहवालातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: संपूर्ण इमारत रिकामी करण्याची वेळ कशी ओळखायची, हे त्या अधिकाऱ्यांना शिकवलंच गेलं नव्हतं. त्या रात्री उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण ठरलेली पद्धत मोडायचा अधिकार आणि ती केव्हा मोडायची याची जाण त्याला कोणी दिली होती का, हा प्रश्न तुमच्या खुर्चीकडे येतो.

आता शौर्याबद्दल. पदकं द्या, जरूर द्या. पण शौर्याची वेळ येते तेव्हा बहुधा त्याआधी काहीतरी हुकलेलं असतं. पाण्याची दुसरी लाइन आलेली नसते, जिना कोणी तपासलेला नसतो, आत कोण कोण आहे याचा बोर्ड कोणी भरलेला नसतो. अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये १८ जून २००७ रोजी फर्निचरच्या एका मोठ्या शोरूमच्या आगीत नऊ जवान गेले. त्यांच्यात धैर्याची कमतरता होती असं कोणीही म्हणणार नाही. पाणी कमी पडलं, हुकूम एका हातात नव्हता आणि आत नेमके किती जण आहेत याचा हिशोब राखला गेला नव्हता. वाचण्याजोगा जीव असेल तर मोठा धोका पत्करायचा, फक्त मालमत्ता असेल तर मोजूनमापून, आणि वाचवण्याजोगं काही उरलंच नसेल तर अजिबात नाही, हा नियम जगभर शिकवला जातो. तो पाठ असतो सगळ्यांना. पण मागे गर्दी ओरडत असते, कोणीतरी मोबाइल रोखून उभा असतो, मालक हात जोडत असतो, तेव्हा तो नियम पाळणाऱ्या अधिकाऱ्याला वरून पाठिंबा मिळेल ही खात्री लागते. ती तुम्ही देता का? माणसं मागे घेतल्याबद्दल दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत. अशा एका खुलाशानंतर ते अख्खं केंद्र पुढची किती वर्षं उशिराच मागे येतं!

याच्याशीच जोडलेला आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचा विषय म्हणजे थोडक्यात टळलेले प्रसंग. पाय मजल्यातून आत गेला पण शेजारच्याने ओढून घेतलं. हवेचा इशारा वाजल्यावर दार सापडायला वेळ लागला, पण सापडलं. शिडी सरकली, पण वर कोणी नव्हतं. प्रत्येक केंद्रावर असे किस्से चहाच्या वेळी सांगितले जातात आणि तिथेच संपतात. अमेरिकेच्या विमान वाहतुकीत अशा घटना गोपनीय ठेवून कळवायची सोय १९७६ पासून आहे, आणि ती नासा चालवते, म्हणजे दंड करणारी संस्था वेगळी आणि ऐकून घेणारी वेगळी. अमेरिकेतल्या अग्निशमन सेवेने त्या धर्तीवर २००५ मध्ये स्वतःची यंत्रणा सुरू केली. तुमच्याकडे अशी वही असेलही. पण बढतीच्या वर्षी त्या वहीत कोण लिहील? जो जवान स्वतःहून सांगतो की माझी हवा संपत आली होती, त्याच्या फायलीत ‘निष्काळजी’ असा शेरा पडतो आणि जो गप्प बसतो त्याची फाइल कोरी, म्हणजे स्वच्छ. हे असं चाललं तर गप्प बसणारेच वर चढतील आणि तेच पुढच्यांना गप्प बसायला शिकवतील.

माझं स्पष्ट मागणं आहे. टळलेल्या प्रसंगाची माहिती देणारी नोंद शिस्तीच्या फायलीत कधीही जाऊ नये. ती वेगळ्या माणसाकडे जावी, ज्याचा बढतीशी संबंध नाही. आणि ज्या अधिकाऱ्याच्या केंद्रावरून वर्षभरात अशी एकही नोंद आली नाही, त्याला मुलाखतीत त्याचं कारण विचारावं. ज्याच्याकडून भरपूर आल्या, त्याच्या हाताखालची माणसं त्याच्याशी बोलतात, असा अर्थ आधी लावावा.

आजारांबद्दल थोडक्यात, कारण आकडे तुमच्यासमोर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसाय माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ अग्निशामक गेले, आणि २०२३ पर्यंत त्या ढिगाऱ्यावरच्या धुळीतून आलेल्या आजारांनी तितक्याच जणांचा बळी घेतला. अमेरिकेत कामावर असताना होणाऱ्या मृत्यूंमध्ये हृदयविकार वर्षानुवर्षं सर्वांत वरचं कारण आहे. हे सगळं माहीत असूनही काजळलेला कोट अभिमानाने मिरवला जातो, तोच कोट गाडीत बसताना अंगावर असतो आणि ज्वाळा विझल्या की ढिगारा उपसताना मास्क उतरवला जातो. पहिला मास्क कोण उतरवतो ते बघा. बऱ्याचदा अधिकारी. जवान त्याच्याकडे पाहून शिकतात, भिंतीवरच्या पत्रकाकडे पाहून नाही. तेव्हा अधिकाऱ्याच्या मूल्यमापनात हे येऊ द्या: आग विझल्यावर त्याच्या पाळीतल्यांच्या तोंडावर मास्क होता का, कोट धुतले गेले का. आणि महिला जवानांना पुरुषी मापाचे कोट-बूट देऊन त्यांच्या चपळतेवर शेरे मारणं थांबवा. सैल कोटातून उष्णता आत शिरते, तिथे आधी माप बदललं पाहिजे.

वैद्यकीय तपासणीची भीतीही बढतीतूनच येते. छातीत दुखतं हे सांगितलं तर मैदानातून काढतील, मैदानातून काढलं तर वर जाण्याची वाट बंद, म्हणून माणूस गप्प राहतो आणि पायऱ्या चढतो. वर जायच्या वाटा एकाहून जास्त असत्या तर हे झालं नसतं. आगीच्या कारणांचा शोध, इमारतींची तपासणी, प्रशिक्षण, नियंत्रण कक्ष या कामांना आपण शिक्षेची बदली करून टाकलं आहे. ज्याचा गुडघा गेला त्याला तिथे ‘ठेवतात’. वास्तविक न लागलेली आग ही तपासणी करणाऱ्याची कामगिरी असते, पण तिला पदक नाही आणि बढतीत गुणही नाहीत. तसंच पंपावरच्या माणसाचं. पाण्याचा दाब कानाने ओळखणारे, आतल्या जवानाच्या हातातली ब्रांच, म्हणजे पाइपाच्या टोकाची नळी, एकदाही सुकू न देणारे पंप चालक मी पाहिले आहेत. त्यांना हुकूम चालवायची इच्छा नसते. पण पगार वाढायचा तर अधिकारी व्हावं लागतं, मग ते होतात आणि दल एका उत्तम पंप चालकाला मुकतं. त्यांच्यासाठी कौशल्याची वेगळी श्रेणी ठेवा, मान आणि वेतन अधिकाऱ्याच्या बरोबरीचं.

दरवर्षी १४ एप्रिलला भारतात अग्निशमन सेवा दिन पाळतात, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या आठवणीसाठी. फोर्ट स्टिकिन जहाजावर स्फोटकं आणि कापूस एकत्र होता, आग लागल्यावर जहाज बुडवायचं की बाहेर न्यायचं यावर वेळेत निर्णय झाला नाही, आणि ६६ अग्निशामक गेले. जगातल्या प्रत्येक दलाचा असा एखादा दिवस आहे. त्या दिवशी नावं वाचली जातात, बिगुल वाजतो. त्याच सभेत त्या घटनेच्या चौकशीचा निष्कर्षही मोठ्याने वाचला जावा, आणि त्यातलं आपण काय बदललं ते प्रमुखाने उभं राहून सांगावं. शहिदांच्या घरच्यांना मी जेवढं ओळखतो, त्यावरून सांगतो, त्यांना हारांपेक्षा ते ऐकायचं असतं.

पुढची बढती बैठक होण्याआधी प्रत्येक उमेदवाराच्या फायलीला एक पान जोडा. त्यावर तीन प्रश्न असू द्या. तुम्ही माणसं कधी मागे घेतलीत आणि कशावरून ठरवलंत? तुमच्या हाताखालच्या कनिष्ठ जवानाने तुम्हाला कधी थांबवलं, आणि त्याचं पुढे काय झालं? तुमच्या हाताखाली तयार झालेले कोण कोण आज हुकूम देण्याच्या जागी आहेत? उत्तरं त्या रात्री बरोबर असलेल्या जवानांना विचारून पडताळा, नुसतं उमेदवाराचं म्हणणं धरू नका. ज्याच्याकडे पहिल्या प्रश्नाला उत्तरच नसेल, त्याला पुढचं पद देण्याआधी सरावात ती वेळ आणून पाहा.

या पानाचा मसुदा आणि पडताळणीची पद्धत लिहून द्यायला मी तयार आहे. कोणत्याही दलाने बोलावलं तर स्वखर्चाने येईन.

आपला,
एक निवृत्त केंद्र अधिकारी